पंचविशीची रेघ

ब्रिटनमध्ये काम नसलेल्या एकट्या माणसाला सरकारकडून जो आधार मिळतो, त्याला आता युनिव्हर्सल क्रेडिट म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा मूळ दर महिन्याला ४०० पौंड १४ पेन्स होता. अर्जदाराला पंचवीस वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर तोच दर ३१६ पौंड ९८ पेन्सवर येई. फरक महिन्याला ८३ पौंडांचा, वर्षाला जवळजवळ हजाराचा. चोवीस आणि सव्वीस वर्षांचे दोघे एकाच घरातल्या शेजारशेजारच्या खोल्या भाड्याने घेऊन राहत असतील, विजेचं बिल वाटून भरत असतील आणि एकाच जॉबसेंटरात एकाच अधिकाऱ्यासमोर बसत असतील, तरी त्यांच्या खात्यात वेगळी रक्कम जमा होते. अठराव्या वर्षी तिथे माणूस सज्ञान होतो, मत देतो, भाडेकरार करतो, सैन्यात लढायला जातो. दुकानदार त्याच्याकडून पावाचे पैसे कमी घेत नाही. तरी भत्ता मात्र आणखी सात वर्षं कमीच.

ही पंचविशीची रेघ कोणी आणि का ओढली, याचा माग काढत गेलं की वाट शंभराहून जास्त वर्षं मागे जाते.

१९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ब्रिटनमध्ये देशपातळीवरचा सक्तीचा बेकारी विमा पहिल्यांदा आला. विधेयक मांडलं अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी, पण बेकारीच्या भागाची जुळवाजुळव व्यापार खात्यात विन्स्टन चर्चिल आणि त्यांच्या हाताखालचे तरुण अधिकारी विल्यम बेव्हरिज यांच्या काळात झाली होती. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम, ओतकाम, वाहनबांधणी, लाकूडकटाई अशा मोजक्या धंद्यांतले साधारण साडेबावीस लाख कामगार त्यात आले, कारण याच धंद्यांत हंगाम आणि मंदीप्रमाणे काम सुटायचं. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स भरायचे, मालकानेही तेवढेच, आणि वर सरकारने भर घालायची. काम गेलं तर आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त पंधरा आठवडे. बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असे ते दिवस होते.

वयाची पहिली पायरी याच कायद्यात आहे. सतरा वर्षांच्या आतल्याला भत्ता नाही, आणि सतरा ते अठरा या वयात अर्धा. वरवर पाहता आजच्यासारखीच गोष्ट. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात पुढचं कलम वाचलं की चित्र बदलतं. अठरा वर्षांच्या आतल्या कामगाराची वर्गणी अडीच पेन्स नव्हती, एक पेनी होती. मालकाची त्याच्यापोटीची वर्गणीही एकच पेनी. कमी भरा, कमी मिळवा. हा विम्याचा हिशेब होता आणि तो सरळ होता. मुलाच्या गरजेविषयी, त्याच्या घराविषयी, त्याच्या आईवडिलांविषयी त्यात कसलाच अंदाज बांधलेला नव्हता. पुढे १९९६ पर्यंत आल्यावर या एका पेनीची आठवण ठेवावी लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या कायद्याने विमा बहुतेक साऱ्या उद्योगांत पसरला. पुरुषाला १५ शिलिंग, बाईला १२, आणि अठराच्या आतल्यांना त्याच्या निम्मे. तेव्हा वयापेक्षा स्त्री आणि पुरुष ही दरी ठळक होती. अठरा पूर्ण झालेला मुलगा भत्त्याच्या खिडकीवर पूर्ण माणूस धरला जाई.

ते बदललं १९२७ मध्ये. हे वळण बारकाईने पाहण्यासारखं आहे. युद्धानंतरची मंदी हटत नव्हती, विम्याची तिजोरी कर्जात बुडाली होती, आणि लॉर्ड ब्लेन्सबर्ग या न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीकडे काटकसरीचा मार्ग शोधायचं काम होतं. समितीने अठरा ते एकवीस हा नवाच गट तयार केला. तोपर्यंत अठरा वर्षांच्या मुलाला मोठ्या पुरुषाइतके १८ शिलिंग मिळत होते. १९२७ च्या कायद्याने मोठ्या पुरुषाचा दर १७ शिलिंग झाला आणि अठरा वर्षांच्या मुलाचा १०. एकोणीस वर्षांच्याला १२, वीस वर्षांच्याला १४. मुलींना प्रत्येक पायरीवर आणखी दोन शिलिंग कमी. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीला ८ शिलिंग. या गटाची वर्गणीही कमी केली होती, एवढा जुना हिशेब शिल्लक होता. पण त्याच्या शेजारी एक नवीन समजूत येऊन बसली. या वयाची मुलं एकटी असतात, त्यांच्यावर कोणी अवलंबून नसतं, त्यांच्यामागे घर असतं. तरुणाचा भत्ता ठरवताना त्याच्या आईवडिलांचं घर हिशेबात धरायला सुरुवात झाली.

त्या समितीत मार्गारेट बॉंडफील्ड होत्या. दुकानात काम करणारी मुलगी म्हणून आयुष्य सुरू केलेली, कामगार संघटनेत वाढलेली ही बाई. अहवाल एकमताचा होता आणि त्यावर त्यांचीही सही होती. मजूर चळवळीने त्यांना त्या सहीबद्दल फार बोल लावले. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, त्या ब्रिटनच्या पहिल्या स्त्री कॅबिनेट मंत्री झाल्या आणि खातं मिळालं कामगार मंत्रालयाचं, म्हणजे भत्त्याचंच. त्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. रिकाम्या तिजोरीत सगळ्यांना थोडंथोडं पुरवण्याच्या धडपडीत त्यांनी तरुणांच्या वाट्याला हात घातला. पण तरुणांचा भत्ता कापणं हे सर्वांत कमी ओरड होणारं काम आहे, हे राज्यकर्त्यांना तेव्हा कळलं आणि पुढे विसरलं गेलं नाही.

१९३१ मध्ये मजूर पक्षाचं सरकार भत्त्यातल्या दहा टक्के कपातीवरूनच फुटलं. कपात झालीच. मोठ्या पुरुषाचे १७ शिलिंग सव्वापंधरा झाले. त्याहून खोल जखम केली ती मीन्स टेस्टने. विम्याचे आठवडे संपलेल्या माणसाला मदत देण्याआधी साऱ्या घराची मिळकत मोजली जाऊ लागली. मुलगा कमावत असेल तर बापाचा भत्ता कमी, बाप कमावत असेल तर मुलाचा. तपासनीस घरात येऊन सामानावर नजर फिरवत. उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सच्या खाणगावांत कमावती मुलं-मुली घर सोडून दुसरीकडे खोली घेऊ लागली, आपल्या पगारामुळे बापाची मदत जाऊ नये म्हणून. ज्या घराच्या आधारावर तरुणाचा दर कमी ठेवला होता, तेच घर या नियमाने मोडायला घेतलं. १९३३ मध्ये आलेली वॉल्टर ग्रीनवूड यांची ‘लव्ह ऑन द डोल’ ही कादंबरी सॅल्फर्डमधल्या अशाच घराची आहे. त्या पिढीच्या मनात मीन्स टेस्ट हा शब्द शिवीसारखा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर, बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालातून उभ्या राहिलेल्या नव्या व्यवस्थेत दोन वाटा झाल्या. एक विम्याची, वर्गणीवर हक्काने मिळणाऱ्या भत्त्याची. दुसरी गरजेची, ज्यांच्याकडे वर्गणी नाही त्यांच्यासाठी. ही दुसरी वाट १९४८ मध्ये राष्ट्रीय साहाय्य म्हणून सुरू झाली आणि १९६६ नंतर पूरक भत्ता म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथे अर्जदाराला मुख्य प्रश्न विचारला जाई तो असा: तुम्ही घर चालवता का? भाडं, कोळसा, वीज यांची जबाबदारी ज्याच्यावर, तो घरधनी आणि त्याला मोठा दर. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला लहान दर. वयाच्या पायऱ्या होत्या, पण त्या लहान दराच्या बाजूला होत्या. विशीतला मुलगा स्वतःची खोली घेऊन राहत असेल तर तो घरधनी, आणि चाळिशीतला माणूस आईच्या घरात राहत असेल तर तो नाही. हा प्रश्न मला योग्य वाटतो. त्यात डोकावणं होतं, कटकट होती, पण निदान तो माणसाच्या खऱ्या परिस्थितीला हात घालत होता.

पन्नास-साठच्या दशकांत कामं मुबलक होती, त्यामुळे या दरांवर फार कोणी भांडलं नाही. १९७० पासून सज्ञानतेचं वय एकवीसवरून अठरावर आलं. मग १९८२ मध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला आणि त्यात शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांची रांग मोठी होती. गिरणी, गोदी, पोलाद कारखाना, जिथे बाप सोळाव्या वर्षी लागला होता तिथे मुलासाठी दारच उरलं नव्हतं.

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने यावर काढलेला निष्कर्ष असा की तरुणांची मजुरी फार जास्त आहे म्हणून त्यांना कोणी कामावर घेत नाही. १९८६ मध्ये एकवीसच्या आतल्यांना किमान वेतन ठरवणाऱ्या वेतन मंडळांच्या संरक्षणातून बाहेर काढलं. मजुरी खाली जायची असेल तर भत्ता तिच्याहून खाली हवा, हा पुढचा विचार. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत समुद्रकाठच्या गावांत लॉजिंगमध्ये राहून भत्त्यावर मजा मारणाऱ्या पोरांच्या बातम्या झळकत होत्या. १९८५ मध्ये सव्वीसच्या आतल्यांनी लॉजिंगचं भाडं सरकारकडून किती काळ घ्यावं याला मर्यादा आली. मोठ्या शहरांत आठ आठवडे, इतरत्र चार, समुद्रकाठी दोन. मुदत संपली की गाव सोडायचं किंवा भाडं विसरायचं. काम शोधायला बाहेर पडलेल्या पोराला यातून गावोगाव फिरावं लागलं.

समाजकल्याण मंत्री नॉर्मन फाउलर यांनी जून १९८५ मध्ये साऱ्या व्यवस्थेच्या फेरमांडणीचा प्रस्ताव आणला. पूरक भत्त्याचे नियम इतके वाढले होते की कचेरीतले लोक त्यात गुदमरत होते, हे खरंच होतं. त्या गुंत्यातला एक धागा म्हणजे घरधनी कोण हे ठरवणं. चौघं मित्र एक घर घेऊन राहतात, त्यात घरधनी कोण? बहिणीला खर्चापोटी पैसे देणारा भाऊ भाडेकरू की घरचा? फाउलर यांच्या खात्याने आकडे पाहिले. पंचविशीच्या पुढचे बहुतेक अर्जदार घर चालवणारे होते, पंचविशीच्या आतले बहुतेक नव्हते. मग प्रत्येकाला विचारत बसण्यापेक्षा जन्मतारीख विचारावी, असं ठरलं. रेघ पंचविशीवर पडली ती इथे.

एप्रिल १९८८ मध्ये पूरक भत्त्याच्या जागी इन्कम सपोर्ट सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८७ मध्ये, घरधन्याला आठवड्याला ३० पौंड ४० पेन्स मिळत होते आणि दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या प्रौढाला २४ पौंड ३५ पेन्स. नवे दर झाले पंचविशीच्या पुढे ३३ पौंड ४० पेन्स आणि आत २६ पौंड ५ पेन्स. प्रमाण जवळपास तेच राहिलं, रुपयात ऐंशी पैशांच्या आसपास. फक्त माणसं बदलली. एकट्याने खोली घेऊन राहणारी बावीस वर्षांची मुलगी नव्याने अर्ज करायला गेली तर तिला जुन्या ३० पौंडांच्या जागी २६ मिळू लागले. आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या तीस वर्षांच्या माणसाचे २४ पौंड ३३ वर गेले. घराचा खर्च पाहून ठरवलेला दर आता जन्मतारखेला चिकटला.

एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात वावगं काही वाटणार नाही कदाचित. चोवीस वर्षांचा मुलगा आईवडिलांकडे राहतो, त्यात काय नवल? पण कायदा मुलाला घरी राहतोस का असं विचारतच नाही. तो राहतो असं धरून चालतो. ज्याचे वडील वारले, जिला सावत्र बापाच्या घरातून पळावं लागलं, ज्याच्या गावातली एकुलती खाण बंद झाली म्हणून तो शहरात आला, त्या सगळ्यांना कायद्याने एक काल्पनिक घर दिलं आणि त्या घराची किंमत भत्त्यातून कापून घेतली.

सप्टेंबर १९८८ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेकांचा इन्कम सपोर्ट पूर्णच बंद झाला. त्याच्या बदल्यात प्रत्येकाला प्रशिक्षण योजनेत जागा देण्याचं आश्वासन होतं. जागा जिथे नव्हती, किंवा जे मूल ती घेऊ शकत नव्हतं, तिथे अतिशय हलाखीची स्थिती सिद्ध केली तर मदत. त्या वर्षांत लंडनच्या रस्त्यांवर झोपणारी पोरं डोळ्यांत भरण्याइतकी वाढली, आणि वॉटर्लू स्टेशनजवळच्या पुठ्ठ्यांच्या वस्तीला तर नावच पडलं होतं, कार्डबोर्ड सिटी.

एवढं होऊनही विम्याची वाट शाबूत होती. ज्याने कामावर असताना वर्गणी भरली, त्याला वय अठरा असो की चोपन्न, बेकारभत्ता सारखाच मिळे. ऑक्टोबर १९९६ मध्ये जॉबसीकर्स अलाउन्स आला आणि तीही वाट शाबूत राहिली नाही. नव्या कायद्याने वर्गणीवरचा हक्क बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणला, हे सगळ्यांना दिसलं. कमी लोकांच्या लक्षात आलं ते हे की पंचविशीची रेघ आता वर्गणीच्या भत्त्यावरही ओढली गेली होती. जुना बेकारभत्ता ४८ पौंड २५ पेन्स होता. नव्यात पंचविशीच्या पुढच्याला ४७ पौंड ९० पेन्स, आतल्याला ३७ पौंड ९०. वर्गणी मात्र पगाराच्या प्रमाणात, सगळ्या वयांना एकाच दराने. सोळाव्या वर्षापासून दुकानात उभं राहून आठ वर्षं पगारातून विमा कापून दिलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीला, काल-परवा कामाला लागलेल्या तिशीतल्या माणसापेक्षा कमी. १९११ च्या कायद्याने सतरा वर्षांच्या पोराला अर्धा भत्ता दिला होता, पण त्याच्याकडून एकच पेनी घेतली होती. १९९६ च्या व्यवस्थेने पूर्ण पैसे घेतले आणि ऐंशी टक्के परत केले. सगळ्या मागोव्यात मला सर्वांत जास्त संताप येतो तो या ठिकाणी.

१९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, पण रेघ हलली नाही. चोवीस वर्षांची एक युवती न्यायालयात गेली. तिला आठवड्याला ४१ पौंड ३५ पेन्स मिळत होते, आणि ती वर्षाने मोठी असती तर ५२ पौंड २० पेन्स मिळाले असते. हा वयावरून केलेला भेदभाव आहे असं तिचं म्हणणं होतं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि मे २००५ मध्ये ती हरली. न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांच्या म्हणण्याचा सारांश असा की रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बहुसंख्य माणसांत खरा फरक असला म्हणजे पुरे. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर टिकणारं असेल. पण भत्ता बहुसंख्येला मिळत नाही, एकेका माणसाला मिळतो. शिवाय ही बहुसंख्या १९८०च्या दशकातल्या आकड्यांवरून ठरली होती. ती दर काही वर्षांनी पुन्हा मोजून रेघ हलवावी, अशी तरतूद कुठेच नव्हती.

या काळात दुसरी एक रेघ मात्र हलत राहिली. १९९९ मध्ये किमान वेतन आलं तेव्हा प्रौढ दर बाविसाव्या वर्षापासून होता, २०१० मध्ये तो एकविसावर आला. २०१६ मध्ये नॅशनल लिव्हिंग वेज आणताना सरकारने तो पंचविशीच्या पुढच्यांनाच दिला. पण कमी पगारावर विचार करणाऱ्या आयोगाच्या शिफारशीने ही मर्यादा २०२१ मध्ये तेवीसवर आणि २०२४ मध्ये एकवीसवर आली. म्हणजे आज एकवीस वर्षांची मुलगी काम करते तेव्हा राज्य तिला पूर्ण मोठी माणूस मानतं, आणि तेच काम सुटलं की पुढची चार वर्षं मानत नाही. तरुणांची मजुरी कमी असते म्हणून भत्ता कमी, हे सरकारचं जुनं कारण होतं. ते कारण सरकारने स्वतःच्याच हाताने अर्धंअधिक काढून टाकलं, तरी भत्ता तिथेच राहिला.

२०१३ पासून लागू होत गेलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटने ही रेघ आणखी लांबवली. इन्कम सपोर्टमध्ये एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईला अठराव्या वर्षापासून मोठा दर मिळत होता, कारण मूल असलेली बाई म्हणजे घर चालवणारी, हे १९८८ च्या सरकारनेही मान्य केलं होतं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ती सवलत गेली. आता बावीस वर्षांची एकटी आईसुद्धा मूळ भत्त्यात लहान दराचीच. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० पासून दीड वर्ष, सगळ्यांना आठवड्याला सारखेच वीस पौंड जास्त दिले गेले, तेव्हा तरुणांचं प्रमाण ८३ टक्क्यांच्या वर गेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती वाढ काढून घेतली आणि प्रमाण पुन्हा ७९ वर आलं. २०२४ मध्ये पंचविशीच्या आतल्याचा जॉबसीकर्स अलाउन्स आठवड्याला ७१ पौंड ७० पेन्स होता. अकरा वर्षांपूर्वी, २०१३ मध्ये, पंचविशीच्या पुढच्याला नेमके एवढेच मिळत होते.

पुण्या-मुंबईहून शिकायला गेलेल्या मराठी मुलांना यातलं काहीच लागू होत नाही, कारण त्यांच्या व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असते. त्यांच्या बाबतीत प्रश्नच उद्भवत नाही. पण लंडन, लेस्टर, मँचेस्टरला स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतली, तिथेच जन्मलेली पोरं नोकरी सुटल्यावर याच रेघेच्या अलीकडे उभी राहतात.

हे बदलता येणार नाही असं मुळीच नाही, कारण नियमाच्या शेजारीच त्याचं उत्तर लिहिलेलं आहे. भाड्याच्या मदतीत एकट्या तरुणाला पस्तीस वर्षांपर्यंत फक्त सामायिक घरातल्या खोलीपुरते पैसे मिळतात. पण जी मुलं सरकारी देखरेखीखाली, अनाथालयांत किंवा पालक कुटुंबांत वाढली, त्यांना या अटीतून सूट आहे. ही सूट आधी बाविसाव्या वर्षापर्यंत होती, जून २०२१ पासून ती पंचविसाव्यापर्यंत वाढवली. का, तर त्यांना परत जायला आईवडिलांचं घर नाही. भाड्याच्या नियमात राज्याने हे स्वच्छ शब्दांत मानलं. मूळ भत्त्याच्या तक्त्यात त्याच मुलाला, त्याच वयात, अजूनही पंचविशीच्या आतला कमी दरच मिळतो, आणि त्या कमी दरामागचं कारण म्हणून तिथे आईवडिलांचं घरच गृहीत धरलेलं असतं. त्या मुलांचा सांभाळ स्वतः राज्यानेच केलेला आहे. घर नाही हे राज्याइतकं दुसऱ्या कोणालाच नक्की माहीत नाही.